मत बाळगा, पण पटवू नका

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे युद्धाविरुद्ध बोलले आणि वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात झाली. चार दिवसांनी त्यांना देवळीत अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षाही झाली. पवनार काय, देवळी काय, दोन्ही आमच्या वर्धा जिल्ह्यातलीच गावं. इंग्रजांच्या युद्धाला माणसं आणि पैसा देऊ नका, एवढं सांगणं हा इथे गुन्हा ठरला होता.

त्याआधी सप्टेंबरात गांधीजी सिमल्याला व्हाइसरॉय लिनलिथगो यांना भेटले होते. व्हाइसरॉयांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: युद्ध पटत नसेल त्याने आपलं मत खुशाल बाळगावं, बोलूनही दाखवावं, मात्र इतरांना युद्धकार्यापासून परावृत्त करू नये. गांधीजींनी हे मान्य केलं नाही, आणि ते नाकारणं मला फार मोलाचं वाटतं. समजा, आमच्याच जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) गावच्या ग्रामसभेत असा नियम झाला की ‘मला हा ठराव पटत नाही’ म्हणा, पण ‘तुम्हीही विरोधात हात वर करा’ म्हणायचं नाही. मग ग्रामसभा भरवायची तरी कशाला? दुसऱ्याचं मन वळवता यावं म्हणून तर माणूस बोलतो.

मन वळवण्याची ही मुभा सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात स्पष्ट शब्दांत मान्य केली. चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं, ते कितीही अप्रिय असलं तरी, हा हक्कच आहे. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं तरच कायद्याने आडवं यावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ तेव्हा रद्द झालं. या खटल्याला निमित्त पालघरचं होतं. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर मत मांडल्यावरून तिथे दोन तरुणींना अटक झाली होती.

पण शब्दांनी जीवही जातात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याआधी मोबाइलवरून अफवा फिरत होत्या. घाबरून मेसेज पुढे पाठवणाऱ्या आईला मी गुन्हेगार म्हणणार नाही. खोटं आहे हे ठाऊक असून दहशत पसरवणाऱ्याला आणि समोर माणसं दिसत असताना ‘मारा’ म्हणणाऱ्याला मात्र शिक्षा व्हायलाच हवी.

चारचौघांत जातीवरून केलेल्या अपमानाचंही तसंच. त्यात कुणाला काही पटवायचं नसतं; समोरच्याला माणसांतून उठवायचं असतं. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा अशा बोलण्याला गुन्हा मानतो, आणि ते योग्यच आहे.

भावना दुखावल्या हे कारण मात्र मला पुरेसं वाटत नाही. विनोबांच्या बोलण्याने सरकारच्याही भावना दुखावल्याच असतील. ज्याचं बोलणं खुपलं त्याला उत्तर द्यावं, हवं तर त्याच्याकडे पाठ फिरवावी. पोलीस ठाण्यात जाऊन त्याला बेड्या घालायला लावू नयेत. ठाणेदारांनीही तक्रार आली की आधी कायदा पाहावा. कलम ६६ अ रद्द होऊनही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले, आणि ते थांबवा असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.