न चालणाऱ्या इंजिनाचा दोष

आपल्या भाषेत ‘दोष’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. यंत्रात दोष आहे असे म्हणताना आपण बिघाडाचे स्थान दाखवीत असतो. अमक्याचा दोष आहे असे म्हणताना अपराधी दाखवीत असतो. एकच शब्द दोन्ही कामे करीत असल्यामुळे पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर आपण केव्हा घसरलो, हे पुष्कळदा आपले आपणासच कळत नाही. या घसरणीचा विचार करण्यास एक अगदी क्षुल्लक वस्तू मला फार सोयीची वाटते. ती म्हणजे रुळावर ठेवूनही न चालणारे खेळण्यातले इंजिन.

खेळणे म्हटल्याने त्या छंदाच्या उपासकांस राग येईल. पुण्यास कोथरूड भागात बी. एस. जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथील गाड्या ज्याने पाहिल्या त्याला हा शब्द खचित अपुरा वाटेल. सर्वांत प्रचलित प्रमाणात असे इंजिन लांबीने मूळ इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे असते, व त्याच्या दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटरांचे अंतर असते. नेहमीच्या पद्धतीत त्यास सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा विद्युत्प्रवाह लागतो. तो एका रुळातून चाकांत, चाकांतून मोटारीत आणि पलीकडच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळात, असा फिरून परत जातो. हे वर्तुळ कोठेही तुटले की इंजिन थांबते. परंतु थांबलेले दिसते ते इंजिनच! रूळ, तारा, सांधे ही मंडळी एरवीही जागची हलत नसतात. त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथे एखाद्या घरी असे इंजिन आले आहे, अशी कल्पना करू. (अमरावती जिल्ह्यातले धामणगाव निराळे, त्याच्या नावातच रेल्वे आहे. या धामणगावास रेल्वे नाही. मुंबईहून हावड्यास जाणारी गाडी पाहावयाची तर मलकापूर गाठावे लागते.) मुलगा रूळ मांडतो, कळ फिरवितो, इंजिन ढिम्म. वडील ते उचलतात, हलवून कानाशी नेतात व निकाल देतात, “माल खराब आहे.” दोन दिवसांनी निकाल बदलतो, “यानेच बिघडवले असेल.” बिघाडाचा पत्ता लागण्यापूर्वीच अपराधी सापडला!

वास्तविक शोधाचा मार्ग सरळ आहे. चालते म्हणून ठाऊक असलेले दुसरे इंजिन त्याच रुळावर ठेवावे. तेही हलले नाही तर पहिल्याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. दुसरे नसेल तर १२ व्होल्टचा एक लहान दिवा दोन्ही रुळांस टेकवून पाहावा. आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात मांडलेल्या रीती यांची भेट अशी एका टेबलावर होते. बहुधा निघतो तो मळ: धूळ, तेल आणि धातूवर चढलेली पुटे. एखादे वेळी दोन रुळांवर आडवा पडलेला खिळा निघतो, आणि त्या एका खिळ्यामुळे सगळा मार्ग बंद पडलेला असतो. हल्लीच्या अंकीय पद्धतीत तर प्रत्येक इंजिनास क्रमांक असतो. ३ क्रमांकाच्या इंजिनास ४ म्हणून हाक मारल्यास ते निरोगी असूनही स्तब्ध राहते. हे सर्व पाहून झाल्यावरच घट्ट झालेले वंगण, तडकलेले दंतचक्र किंवा झिजलेले कार्बनचे ब्रश पाहण्यासाठी इंजिन उघडावयाचे. कारण निरोगी इंजिन उघडण्यानेच ते बिघडण्याचा संभव असतो.

वर्गात आपण नेमका उलटा क्रम लावतो. गणितात मागे पडलेल्या मुलाची आधी मोटार उघडतो. त्याला फळा दिसतो की नाही, शिकविणाऱ्याची भाषा कळते की नाही, पहाटे शेतावर राबून तो आला आहे काय, हे रूळ कोणी पुसून पाहात नाही.

यावर एक आक्षेप येईल, व तो खोटा नाही. मनुष्य इंजिन नव्हे. न चालण्याची मोकळीक इंजिनास नसते, मनुष्यास असते. प्रत्येक आळसास एकेक मळका रूळ शोधून दिला तर जबाबदारी हा शब्दच कोशातून काढावा लागेल. मला हे मान्य आहे. रूळ स्वच्छ आहे, प्रवाह आहे आणि तरीही जो हलत नाही, त्यास खुशाल दोष द्यावा. परंतु इच्छा ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू आहे. दिसणारी कारणे तपासून संपण्याआधी तिच्यावर आरोप ठेवणे हा आळस न्यायाधीशाचा झाला.

शिवाय दोहोंत आणखी एक भेद आहे. ‘खराब’ म्हटल्याने इंजिनाची चाके अधिक मळत नाहीत. मुलास ‘ढ’ म्हटले की ते त्याला ऐकू येते. दुसऱ्या दिवशी तो फळ्याकडे पाहण्याचेच सोडतो. आणि मग त्याला दिसत नव्हते की तो पाहात नव्हता, हे ठरविण्याचे साधनही कोणाच्या हाती राहात नाही.