सत्तर मीटर

पुण्यातल्या एका दुकानात गेल्या पावसाळ्यात मी ती लेन्स पहिल्यांदा हातात घेतली. १५० ते ६०० मिलिमीटरची टेलिफोटो. वजन दोन किलोच्या आसपास. तान्ह्या मुलाला घ्यावे तसा डावा तळहात तिच्याखाली धरावा लागतो. दुकानातल्या मुलाने ती माझ्या जुन्या कॅमेऱ्याला लावून दिली आणि म्हणाला, "काका, बाहेर बघा." रस्त्यापलीकडे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी बाई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तिच्या बोटांतली काडी दिसली. मनगटावरची उकललेली बांगडीची जोड दिसली. मी चटकन कॅमेरा खाली घेतला. मुलगा म्हणाला, "मस्त आहे ना?"

मस्तच होती. किंमत लाखाच्या घरात.

मी सोलापूरचा निवृत्त चित्रकला शिक्षक. फोटो काढण्याचा नाद तीस वर्षांचा आहे. आमच्या घरात या नादावर एकेकाळी बरीच चर्चा झाली. वडिलांच्या ओळखीचे एक मौलवीसाहेब फोटोला तसवीर म्हणत आणि तसवीर म्हणजे गुनाह म्हणत. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहंमद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते की, कॅमेरा नवे काही घडवत नाही, तो फक्त सावली धरून ठेवतो. हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. तोपर्यंत हजसाठी पासपोर्ट काढायची वेळ आली आणि मौलवीसाहेब स्वतःच स्टुडिओत जाऊन बसले. वाद तिथेच मिटला. तेव्हा तो प्रश्न आता माझा नाही. माझा प्रश्न लहान आहे: ही लेन्स घ्यावी की न घ्यावी?

निवृत्तीनंतर मिळालेल्या फरकाच्या रकमेतले लाखभर रुपये बँकेत पडून आहेत. मुलींची लग्ने झाली आहेत. कर्ज नाही. म्हणजे परवडत नाही, असे म्हणता येत नाही. आणि तीच अडचण आहे. परवडत नसते तर प्रश्न एका मिनिटात सुटला असता. दुकानदाराने हप्त्याचीही सोय सांगितली, "शून्य व्याज" म्हणाला. मग कागदावर बारीक अक्षरात प्रक्रिया शुल्क निघाले. ती वाट मी तिथेच सोडून दिली.

पत्नीला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्हाला समोरचं तरी कुठं दिसतंय? गच्चीला तडा गेलाय, तो दाखवते चला." गच्चीचे काम आठ दिवसांत करून घेतले, फार खर्च आला नाही. म्हणजे तीही सबब संपली.

आपल्याकडे खर्चाचा विचार करताना इस्राफ हा शब्द लगेच तोंडात येतो. उधळपट्टी वाईट, यात वाद नाही. पण उधळपट्टी कशाला म्हणायचे? ग्रनाडाचे इमाम शातिबी हे चौदाव्या शतकातले मोठे विचारवंत. शरियतच्या हेतूंचा विचार करताना त्यांनी माणसाच्या हिताच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. ज्यांच्यावाचून जगणेच मोडते त्या जरूरियात, ज्यांच्यावाचून जगणे अवघड होते त्या हाजियात आणि ज्यांनी जगणे देखणे होते त्या तहसीनियात. माझी लेन्स तिसऱ्या पायरीवर येते. तिसरी पायरीही पायरीच आहे, हे मला त्यांच्या मांडणीत आवडते. माणसाला सुंदर काही पाहावेसे वाटणे हा गुन्हा ठरवला, तर मशिदीच्या मेहराबीवरची नक्षीही खरवडावी लागेल.

तरी एक हिशेब मला सुटत नव्हता. आमच्या घरी जकात रमजानमध्ये काढतात. लाख रुपये वर्षभर शिल्लक राहिले, तर त्यातले अडीच हजार गरिबाचे. ते माझे नसतातच. पण तेच लाख रुपये मी आज भिंगात घातले, तर रमजानमध्ये त्या रकमेवर जकात शून्य, कारण स्वतःच्या वापराच्या वस्तूवर जकात नाही. लेन्स पिशवीत राहील आणि कुणाचे तरी अडीच हजार तिच्यात अडकतील. नियम मी मोडलेला नसेल. पण वर्ष पुरे होण्याआधी घाईने खरेदी करण्यामागे माझी नियत काय आहे, हे मला कुणी विचारले तर मी काय सांगणार? "पक्ष्यांचा हंगाम चालू आहे," असे सांगेन. ते खरेही आहे. पण खऱ्या कारणाच्या आड खोटे कारण सहज लपते.

हंगाम म्हणजे नान्नजचा हंगाम. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर माळढोकाचे अभयारण्य आहे. १९७९ मध्ये ते जाहीर झाले. माळढोक आता तिथे दिसला तर नशीब. मी त्याला शेवटचा पाहून कैक वर्षे झाली. तो जगातूनच नाहीसा होण्याच्या कडेला उभा आहे. एका वेळी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या माळावर. माणसाची, कुत्र्याची चाहूल लागली की मादी उठते. पण माळ अजून रिकामा झालेला नाही. काळवीट आहेत, लांडगा आहे आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या आहेत. हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून इतके अलगद तरंगत जातात की आपण श्वास धरून बसतो. उन्हाळा लागला की ते परत जातात.

माझ्याजवळची मोठी लेन्स २५० मिलिमीटरची. तिने पक्षी नीट यावा म्हणून पन्नास मीटरपर्यंत जावे लागते. ६०० च्या लेन्सने तोच पक्षी एकशेवीस मीटरवरून तेवढाच मोठा येतो. म्हणजे लाख रुपयांत मी सत्तर मीटर विकत घेणार. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा मला फार बरे वाटले. कारण ते सत्तर मीटर पक्ष्याच्या कामाचे आहेत. मी जवळ गेलो नाही तर तो उडणार नाही, भक्ष्य सोडणार नाही, अंड्यावरून उठणार नाही. अंतर ठेवणे हाच त्याच्याशी वागण्याचा अदब. चांगल्या फोटोच्या हव्यासापायी गवतात गाड्या घालणारे लोक मी पाहिले आहेत. एकदा मीही तशा गाडीत बसलो होतो. त्या मानाने ही लेन्स म्हणजे सभ्यपणाच म्हणायचा.

इतके सरळ असते तर मी लेन्स घेऊन मोकळा झालो असतो.

पण मी पक्ष्यांचेच फोटो काढतो असे नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. दुपारच्या उन्हात उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसतात, कात्रीने तेंदूचे पान कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा बांधतात. एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी २५० ने एका म्हातारीचा फोटो काढला. ओढणी डोक्यावरून घसरलेली, पांढरे केस विस्कटलेले, डोळे सुपात आणि बोटे हलल्यामुळे किंचित पुसट. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो असावा. एका प्रदर्शनात तो लागला, बक्षीसही मिळाले. लोक म्हणाले, किती नैसर्गिक! पाहणाऱ्याची जाणीवच नाही!

तिसऱ्या दिवशी एक बाई प्रदर्शनात आली. माझीच जुनी विद्यार्थिनी. फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, दाद देईल. ती म्हणाली, "सर, ही माझी अम्मा. तुम्ही विचारलं असतं तर तिनं ओढणी तरी सारखी केली असती."

आवाजात राग नव्हता. वर्गात चूक झालेल्या मुलीने विचारावे तसे विचारले. मी काहीतरी बोललो. विचारले असते तर ती सहजता गेली असती, असे काहीतरी. ते कलेच्या दृष्टीने बरोबरच होते. ती "हो सर" म्हणून गेली. मी फोटो उतरवला नाही. प्रदर्शन अजून दोन दिवस होते.

त्या म्हातारीचे केस तिच्या घरातल्या परपुरुषांनी कधी पाहिले नसतील. ते शहरातल्या हजार लोकांनी पाहिले आणि माझ्यामुळे पाहिले. ती उंबऱ्यावर होती, उघड्या रस्त्यालगत होती, हे मला माहीत आहे. कायदा माझ्या बाजूने असेल. पण दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी मागावी, ही सूरह अन्-नूरमधली आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतो. दारावर थाप मारली, उत्तर आले नाही, तर परत फिरावे. आता पाय न हलवता डोळा घरात शिरतो, तेव्हा दार कुठे असते? माझ्या मते दार तिथेच असते. बदललेले इतकेच, की थाप मारण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली. गल्लीच्या तोंडापासून तिच्या उंबऱ्यापर्यंतचे ते अंतर चालून गेलो असतो, तर मला "खाला, फोटो काढू का?" असे म्हणावेच लागले असते. लेन्सने माझे चालणे वाचवले आणि चालण्याबरोबर विचारणेही वाचवले.

म्हणजे जे सत्तर मीटर नान्नजला अदब आहेत, तेच विडी घरकुलाच्या गल्लीत बेअदबी आहेत. भिंग तेच, अंतर तेच.

आणि या बाबतीत आपण काही फक्त फोटो काढणारे नाही. आपले मोहल्ले कसे टिपले जातात ते पाहा. मिनार, टोप्या, बुरख्यांची रांग, ईदची गर्दी. बहुतेक फोटो दुरून, कुठल्या तरी गच्चीवरून. टेलिफोटोचा एक गुण छायाचित्रकार जाणतात आणि वाचक जाणत नाहीत. दुरून घेतलेल्या चौकटीत मागचे आणि पुढचे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. चाळीस पावलांची गल्ली चार पावलांची होते. तुरळक माणसे लोंढा होतात. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दिवसांत, डेन्मार्कमधल्या दोन वृत्तछायाचित्रकारांनी तीच जागा, तीच माणसे एकदा रुंद लेन्सने आणि एकदा लांब लेन्सने टिपून शेजारी शेजारी ठेवली होती. एकीत लोक शिस्तीत अंतर राखून, दुसरीत खेटून उभे. दोन्ही फोटो खरे. त्याच महिन्यांत आपल्या देशात गर्दीचे फोटो दाखवून कुणाकुणावर काय काय बोलले जात होते, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांच्या प्रचारावरही बोट ठेवले होते. पण निकाल कितीजण वाचतात?

अशा फोटोंवर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तावातावाने बोलत असे. आत या, चहा प्या, नाव विचारा, मग काढा फोटो, असे म्हणत असे. आणि खालाच्या फोटोचे बक्षीस तेव्हा माझ्या घरात शोकेसमध्ये उभे होते. मोहल्ल्यातला असूनही मी दुरूनच काढला होता. परक्याला निदान ओळख नसल्याची सबब असते.

दहाव्या-अकराव्या शतकातले बसऱ्याचे अल-हसन इब्न अल-हैसम हे प्रकाशशास्त्राचे मोठे नाव. त्यांच्याआधी अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघून वस्तूला जाऊन स्पर्श करतो आणि म्हणून दिसते. इब्न अल-हैसम यांनी ते खोडून काढले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, असे सांगितले. आपल्या समाजात हे नाव फक्त अभिमानाने घेतले जाते, म्हणून मी सहसा घेत नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर समोरच्या निळ्या भिंतीचा निळेपणा डोळ्यात आला, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. पाहणारा घेणारा असतो. देणारे समोर असते. पक्षी जे देतो ते न विचारता घ्यावे लागते, त्याला विचारता येत नाही, म्हणून निदान त्याला धक्का न लावता घ्यावे. माणसाला विचारता येते.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढतो आहे. दोन किलोची लेन्स हातात धरण्याचे हिवाळे माझ्याकडे किती उरले, हे अल्लाहला ठाऊक. म्हणून "नंतर घेऊ" हे मला सहज म्हणता येत नाही. तरी मी म्हटले. रमजानला अजून तीन महिने आहेत. वर्ष पुरे होऊ दे, अडीच हजार ज्याचे त्याला जाऊ देत, मग पाहू. तोपर्यंत भोवत्या परतीच्या वाटेला लागलेले असतील. हा हिवाळा गेला, हे मला लागते. लागत नाही असे खोटे कशाला लिहू? दुकानातल्या मुलाचा परवा फोन आला होता. किंमत वाढणार म्हणाला. वाढू दे म्हणालो, आणि ठेवल्यावर दहा मिनिटे चुळबुळत राहिलो.

गेल्या आठवड्यात खालाच्या घरी गेलो. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा. विद्यार्थिनीला आधी फोन केला होता. खाला आता विड्या वळत नाही, बोटे वळत नाहीत. जुन्या फोटोची प्रत घेऊन गेलो होतो. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि लेकीला म्हणाली, "ये मैं है? कैसी बैठी मैं!" आणि पालथा घालून उशीखाली ठेवला. माफी मागायचे ठरवून गेलो होतो. तिने आधी चहा पुढे केला आणि माझे शब्द घशातच राहिले. शेवटी म्हणालो, "खाला, त्या वेळी विचारायला हवं होतं. आज विचारतो." ती हसली. लेकीला आत घेऊन गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. अर्धा तास लागला. हिरवी ओढणी, डोळ्यांत सुरमा, केस चापूनचोपून बसवलेले. तोवर दिवेलागण झाली होती आणि खोलीत एकच पिवळा दिवा. माझ्या छोट्या लेन्सने दोन हातांवरून सात-आठ फोटो काढले. ती ताठ बसली होती, पासपोर्टला बसावे तशी. बहुतेक फोटो हलले. एक बरा आहे. तो मोठा करून द्यायचा आहे. चौकट काळी नको, सोनेरी हवी, असे तिने बजावले आहे.