बुडालेल्यांचा वाली कोण?

मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही ब्रिटिश बोट 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीच्या माऱ्याने हिंदी महासागरात बुडाली. बहुतेक उतारू हिंदी होते; 280 जीव गेले. 2017 साली एका कंपनीने तिच्यातून चांदीच्या 2,364 विटा वर काढल्या. चांदी कुणाची, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2024 साली निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

चांदीला वाली मिळाला, मृतांना?

कोरपन्याच्या रानात कुणी स्मशान उकरू लागला, तर सारे गाव आडवे येईल. भर समुद्रात गाव नाही. तेथे ते कर्तव्य शासनाचे. बोट परकी, पाणी कुणाच्याच हद्दीतले नाही, ही सबब कायद्याला पुरेल, सदसद्विवेकाला नाही. शासनाचे नाते लाकूड-लोखंडाशी नसते, माणसांशी असते.

युनेस्कोचा 2001 सालचा करार अशा अवशेषांचा व्यापार निषिद्ध ठरवतो. पण शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्यांनाच त्याचे छत्र. ‘तिलावा’ला 2042 ची वाट पाहावी लागेल, आणि भारत तर त्या करारात सामीलही नाही.

मृताला मूठमाती देणे हा धर्म सर्वांना मान्य आहे. समुद्राने दिलेली समाधी राखणे हा त्याच धर्माचा उरलेला भाग होय.