जॅकलच्या बाजूने

"द गॉल मेला नाही हे माहीत होतं, तरी शेवटच्या पानापर्यंत वाटत होतं, लागावी गोळी." लातूरचा मुलगा हे म्हणाला आणि बाकीचे हसले. सगळ्यांचं तेच झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी पुण्यातल्या एका वसतिगृहात जातो. इंजिनिअरिंगची आठ-नऊ मुलंमुली जमतात आणि आम्ही एखाद्या पुस्तकावर बोलतो. पुस्तक अभ्यासाचं नको, एवढीच अट. मागच्या महिन्यात फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' घेतली. काहींनी मराठी अनुवाद वाचला, काहींनी मूळ इंग्रजी. एकाने फक्त सिनेमा पाहिल्याचं अर्ध्या तासाने कबूल केलं.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्यामुळे चिडलेल्या फ्रेंच लष्करातल्या काही लोकांच्या 'ओएएस' या गुप्त संघटनेला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना संपवायचं होतं. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामारला त्यांच्या गाडीवर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या, पण द गॉल आणि त्यांची पत्नी सुखरूप सुटले. सूत्रधार झाँ बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ रोजी गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. इथपर्यंत इतिहास आहे. पुढे फोर्सिथ कल्पना करतो की संघटनेने पाच लाख डॉलर देऊन बाहेरचा एक इंग्रज मारेकरी नेमला. त्याचं टोपणनाव जॅकल. कादंबरी आली १९७१ मध्ये. द गॉल त्याच्या आदल्या वर्षी आपल्या घरी वारले होते, म्हणजे वाचकाला शेवट आधीच ठाऊक. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही.

मुलांची मतं ऐकताना मजा येत होती. कुबडीत लपवलेली रायफल, झाडाला टांगलेल्या फळावर घेतलेली चाचणी, वाटेत बदललेला गाडीचा रंग, हे सगळं त्यांनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू करावा तसं तपासलं होतं. बास्तियाँ-तिरीबद्दल मात्र तुच्छता. मी सांगितलं की तो खऱ्या आयुष्यात इंजिनिअर होता, रणगाडे फोडणाऱ्या क्षेपणास्त्रांवर काम केलेला. त्यावर एक जण म्हणाला, "आपल्यातला असून असं कच्चं प्लॅनिंग?" दुसऱ्याने तर कादंबरीतच चूक काढली. फोर्सिथ म्हणतो, बास्तियाँ-तिरीने चुकून १९६१ चं कॅलेंडर पाहिलं, म्हणून अंधार पडण्याची वेळ पंचवीस मिनिटांनी चुकली. "दादा, त्याच तारखेचा सूर्यास्त एका वर्षात पंचवीस मिनिटं कसा सरकेल?" बरोबर आहे, नाहीच सरकत. ही कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचत होतो आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, "कोवाल्स्कीच्या मुलीला खरंच ल्युकेमिया होता का?"

कोण कोवाल्स्की? दोघांना नावही आठवेना. मलाही क्षणभर लागला.

कोवाल्स्की हा ओएएसच्या प्रमुखाचा अंगरक्षक. दांडगा, मंद, माणसं मारलेला. त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण मार्सेयमध्ये मित्राच्या घरी वाढणारी एक छोटी मुलगी हा त्याचा जीव. फ्रेंच गुप्तचर खात्याला हे कळतं. ते त्या मित्राकडून पत्र लिहून घेतात की मुलीला ल्युकेमिया झालाय. कोवाल्स्कीला तो शब्दही नीट कळत नाही. तो रोमहून धावत येतो, पकडला जातो, विजेचे झटके खात बडबडतो आणि मरतो. त्या बडबडीतून जॅकलचं नाव सरकारच्या हाती लागतं आणि पुढचा सगळा तपास त्यावर उभा राहतो. मुलगी ठणठणीत असते.

हे करणारी बाजू कायद्याची आहे, आणि फोर्सिथने हे हवेतून आणलेलं नाही. अल्जीरियात फ्रेंच लष्कर कैद्यांना विजेचे झटके देत होतं हे आँरी अलेग या पत्रकाराने स्वतः भोगून १९५८ मध्ये लिहिलं. ते पुस्तक सरकारने जप्त केलं. २००१ मध्ये ओसारेस या निवृत्त जनरलने आपल्या पुस्तकात छळ केल्याचं, माणसं मारल्याचं सांगितलं, तेही फारसा खेद न दाखवता.

"कादंबरी आहे दादा, एवढं काय," लातूरचा म्हणाला. मला त्याचं अर्धं पटतं. थ्रिलर वाचून कोणी मारेकरी होत नाही, आणि मजा आली म्हणून लाजायचं कारण नाही. शिवाय फोर्सिथने काही लपवलेलं नाही. कोवाल्स्कीचा भाग लांब आहे, वाचताना त्रास होईल असाच आहे. आम्हीच तो 'पोलिसांना नाव कसं मिळालं' या रकान्यात टाकून पुढे गेलो. सूर्यास्ताची चूक सापडली, कारण तिथे आम्ही थांबलो होतो.

आपल्याकडे 'चांगलं काम केलंस' म्हणतात तेव्हा काम भलं होतं की नीट केलेलं होतं, हे त्या शब्दांतून कळत नाही. कॉलेजात चार वर्षं आम्हाला दुसऱ्या अर्थाचेच मार्क मिळतात. 'हे करावं का' असा प्रश्न असलेला पेपर मी दिल्याचं आठवत नाही. दिला असता तर बहुधा गाईड वाचूनच.

जॅकलच्या खोट्या पासपोर्टचंच बघा. तो खेड्यातल्या चर्चच्या आवारात थडगी बघत फिरतो, लहानपणीच वारलेल्या डुगन नावाच्या मुलाचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर पासपोर्ट मिळवतो. जन्माच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी कोणी ताडून पाहत नव्हतं. आमच्या गटात सगळ्यात जास्त दाद याच युक्तीला मिळाली. पुढे २०१३ मध्ये उघड झालं की लंडन पोलिसांच्या एका गुप्त पथकाने आंदोलकांमध्ये माणसं पेरताना नेमकं हेच केलं होतं. कमीत कमी बेचाळीस मेलेल्या मुलांची नावं वापरली होती. आईवडिलांना विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. पोलिसांमध्ये या पद्धतीला 'जॅकल रन' म्हणत. डुगनच्या आईचा विचार मी तीन वाचनांत एकदाही केला नव्हता.

त्या मुलीच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मी त्या दिवशी गटात सांगितलं नाही.

माझी पहिली नोकरी मोबाईलवरून छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीत होती. ॲप टाकताना लोक फोनमधले कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी देत. न देऊन सांगतात कोणाला. हप्ता थकला की वसुलीवाले त्यातल्या दहा जणांना फोन करणार. पाच-सहाशे नावांतून ते दहा कोण, हे ठरवणारा कोड मी लिहिला. आडनाव सारखं असेल तर गुण, रोज बोलणं असेल तर जास्त गुण, आणि नाव आई, पप्पा, दादा, काका असं सेव्ह केलं असेल तर सगळ्यात जास्त. 'आई' हा शब्द लोक रोमन लिपीत सहा-सात प्रकारे लिहितात. मी ते सगळे गोळा केले. डेमोला मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मला मनापासून आनंद झाला. तो कोड चांगलाच होता. आजही तो वाचला तर त्यात नाव ठेवायला जागा सापडणार नाही.

फोनवर काय बोलत असत ते मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण वसुलीची टीम आमच्याच मजल्यावर बसायची. कॉफीचं मशीन त्यांच्या बाजूला होतं.

दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली, तीही दुसरीकडे पगार जास्त मिळाला म्हणून. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावायला मनाई केली. ते वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो, आता माझा कोड काढून टाकतील, हा.

पुढच्या शनिवारी मी हे त्या मुलीला सांगितलं. बाकीचे अजून यायचे होते. तिने ऐकून घेतलं, थोडा वेळ पुस्तकाचा कोपरा दुमडत बसली.

"त्या यादीत आई कितव्या नंबरला यायची?"

"पहिल्या," मी म्हणालो.

तेवढ्यात लातूरचा आला आणि पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं, असं विचारत खुर्ची ओढून बसला.