उघडी वीट, लिंपलेलं तोंड

"पैसं सरलं का रं? भित उघडीच ठिवली."

माझ्या मुलाच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये पाय ठेवल्याठेवल्या आईनं हा सवाल टाकला. हॉलच्या तीन भिंती गुळगुळीत, पांढऱ्या. चौथी विटांची, लाल. तिच्यावर मधोमध बाबासाहेबांचा फोटो. पोरगा हसला. म्हणाला, "आजी, मुद्दाम ठेवलीय. वीट झाकायची कशाला? जे आहे ते दाखवायचं. यात प्रामाणिकपणा आहे."

आई भिंतीजवळ गेली. बोटाच्या पेरानं तिनं ठोकून बघितलं. कान लावला, पुन्हा ठोकलं. म्हणाली, "ही वीट न्हाई. विटंची साल हाय नुसती. वाजत न्हाई."

तिचं खरं होतं. आतली भिंत सिमेंटच्या ब्लॉकची. तिच्यावर गिलावा, आणि गिलाव्यावर विटेच्या पातळ चकत्या चिकटवलेल्या. खोक्यात भरून विकत मिळतात. म्हणजे उघडेपणासुद्धा वरून लावलेला!

मित्रांनो, प्रश्न घर सजवण्याचा असता तर तुमचा वेळ मी खाल्ला नसता. पण पोराचा तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. प्रामाणिकपणा. उघडं ते खरं आणि झाकलेलं ते खोटं, असं आपण मानायचं का? कुणी मानायचं?

आईला वीट वाजवता येते, कारण तिनं ती पाडलीय. आम्ही मंगळवेढ्याकडचे. 1972 च्या दुष्काळात गाव सुटलं आणि कल्याणच्या खाडीकडच्या एका भट्टीवर आलो. दिवाळीनंतर जायचं, पावसाच्या तोंडाशी परतायचं. बापानं मुकादमाकडून उचल घेतलेली. मध्यरात्री उठून बाप गारा तुडवायचा, आई साचा मारायची. ओल्या विटा उन्हात उलट्या करायचं काम आम्हा पोरांचं, कारण पोरांच्या पावलांनी वीट मोडत नाही. मजुरी हजाराच्या हिशोबानं. दर आठवड्याला हातात पडायची ती फक्त खावटी. हंगाम संपला की मालक वही उघडायचा. उचल कधी फिटली नाही. राहायला खोप होती. विटा नुसत्या रचलेल्या, वर पाचट. आत ताठ उभं राहता येत नव्हतं. ती आमची पहिली उघडी वीट.

दुसरी वस्तीतली. भट्टी सुटल्यावर बापानं फेकून दिलेल्या, जास्त भाजून वाकड्या झालेल्या विटा जमवून खोली उभी केली. गिलाव्याला पैसे नव्हते. पावसाळ्यात भिंत पाणी प्यायची, उन्हाळ्यात तिला पांढरा खार फुटायचा. फटीफटीत ढेकूण. आई रात्री दिवा घेऊन सुईनं ते काढायची. चौदा वर्षं तिनं गिलाव्यासाठी पैसे साठवले. 1989 साली गिलावा झाला. त्या दिवशी तिनं ओल्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता मान्सात आलो."

आता तिला कुणी सांगावं, की बाई, तुझा गिलावा खोटा आणि आमची उघडी वीट खरी?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझाच विचार अप्रामाणिक. लॉरी बेकर नावाचा इंग्रज माणूस 1945 साली या देशात आला आणि 2007 साली इथंच मेला. केरळात त्यानं बिनगिलाव्याच्या विटांची शेकडो घरं बांधली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा विटा वाचतात. गिलाव्याचा खर्च वाचतो. गरिबाला घर परवडावं, हा त्याचा हिशोब. आणि तो स्वतःही तसल्याच घरात राहिला. अशा माणसाच्या तोंडी प्रामाणिकपणा शब्द शोभतो. त्यानं जे दुसऱ्याला दिलं, ते आधी स्वतः अंगाला लावून घेतलं.

अहमदाबादला मॅनेजमेंटची संस्था बांधणारा अमेरिकन वास्तुविशारद लुई कान याची गोष्ट आर्किटेक्टच्या पोरांना सांगतात. तो म्हणे विटेलाच विचारायचा, बाई, तुला काय व्हायचंय? आणि वीट सांगायची, मला कमान व्हायला आवडेल. गोष्ट छान आहे. विटेला इच्छा आहे हे या माणसाला कळलं. पण साचा मारणाऱ्या बाईला कुणी विचारलं, तुला काय व्हायचं होतं?

इथं माझ्या मते मुद्दा सुटतो. वीट खरीही नसते आणि खोटीही नसते. ती माती आहे. खरंखोटं माणसात असतं. ज्याला गिलावा करता येत होता आणि त्यानं केला नाही, त्याची उघडी भिंत ही त्याची निवड. ज्याला करताच आला नाही, त्याची उघडी भिंत ही त्याच्यावर लादलेली. दिसायला दोन्ही सारख्याच. पण पहिल्यानं दुसऱ्याला साधेपणाचे धडे दिले तर तो बदमाशपणा आहे. आपल्याला हे धडे नवे नाहीत. आमच्या फाटक्या लुगड्याला यांनी त्याग म्हटलं, आमच्या उपासाला व्रत म्हटलं.

आणि जे आहे ते दाखवायचंच असेल तर पुरतं दाखवा. दहा फूट रुंद, दहा फूट उंच, साडेचार इंची भिंतीला साडेचारशेच्या आसपास विटा लागतात. त्या कुणी पाडल्या? वेठबिगारी मोडणारा कायदा 1976 साली झाला. उचलीपायी माणूस बांधून ठेवता येत नाही, ते कर्जच रद्द, असं तो सांगतो. किमान वेतनाहून कमी पैशात राबवणं ही संविधानाच्या 23 व्या कलमाखालची वेठच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. तरी दिवाळी झाली की आजही कातकऱ्यांची बिऱ्हाडं ट्रकात बसून भट्टीवर जातात. वीट उघडी आणि तिचा हिशोब झाकलेला. हा कसला प्रामाणिकपणा?

आमच्याच मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना 1338 साली भिंत कोसळून चोखोबा गाडला गेला, असं सांगतात. ज्या कुसाच्या आत त्याला घर नव्हतं, ते कूस बांधताना. देव विटेवर उभा राहिला, चोखोबा भिंतीखाली गेला.

पण बाबासाहेबांनी 1936 सालीच आपल्याला सावध केलंय. जात ही विटांची भिंत नाही, की धक्का दिला आणि पाडली. ती मनाची अवस्था आहे. मग मला माझंही मन ठोकून बघायला हवं. वाजतं का?

त्याच संध्याकाळी शेजारचे गृहस्थ आले. भिंत बघून खूश झाले. "वा! काय रस्टिक लुक आहे!" कोपऱ्यातून आई म्हणाली, "आमी पाडायचो विटा. कल्याणच्या भट्टीवर." एक क्षण हॉल गप्प झाला. आणि मी, तीस वर्षं तुमच्यासारख्यांच्या शिबिरांत बोलणारा मी, पटकन म्हणालो, "साहेब, चहा घेणार ना?"

शेजारी गेल्यावर पोरगा माझ्याकडे बघत राहिला. आई काही बोलली नाही. आपली पिशवी नीट लावत बसली.

भिंत उघडी होती. गिलावा माझ्या तोंडावर होता. बँकेतल्या नोकरीत, कॉलनीत, सोसायटीच्या मीटिंगांत मी तो थर थर चढवत आलो होतो, आणि पोराला दिलं ते हेच, विटेची साल.

मित्रांनो, तुम्हाला उद्या घरं होतील. व्हावीत. गिलावा करा, रंग द्या, आयांना गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवू द्या. त्यात कमीपणा नाही. वीट उघडी ठेवायची तर ठेवा, पण मग ती कुणी पाडली हे विचारणाऱ्याला सांगायची तयारी ठेवा. आणि दिवाळीनंतर एकदा भट्टीवर जाऊन वही बघा, कुणाची उचल किती राहिली ती.

हे मी इथं तुमच्यात बसून लिहिलं. ते सोपं आहे. शेजाऱ्याला अजून सांगायचंय.