खरी बार्शी लाइट कोणती?

बंद पडलेला लोहमार्ग सिम्युलेटरमध्ये हुबेहूब उभा केला, तर तो तोच मार्ग ठरतो का? प्रश्न छंदिष्टांचा वाटतो, पण आपल्या तत्त्वचिंतनात तो फार जुना आहे. बार्शी लाइट रेल्वेचेच घ्या. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवरून बार्शीला गाडी आणली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला जोडली गेली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि पुढे रुंदीकरणात ती छोटी गाडी संपली. आता तिच्या वारशावर दोघे हक्क सांगू शकतात: आजचा ब्रॉडगेज मार्ग आणि संगणकावरची तिची प्रतिकृती.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाके का, आस का, दांडी का? यातले एकेकटे काहीच रथ नव्हे. सारे जुळले की व्यवहारात रथ हे नाव पडते. या कसोटीवर सिम्युलेटर जिंकेल. वळणे, चढ, इंजिनाची घडण, सारे तिथे पुन्हा जुळवता येते. ब्रॉडगेजवर त्यातले फारसे उरलेले नाही. पण त्याच ग्रंथात दिव्याचाही दृष्टांत आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, तरी वेगळीही नव्हे, कारण एकीतूनच दुसरी जळत आली. लोहमार्गाला हीच कसोटी लावायला हवी. रूळ आणि स्लीपर कोणत्याही मार्गावर बदलतच असतात. टिकते ते माणसांशी असलेले नाते. वारकऱ्याला आणि व्यापाऱ्याला गाडी वेळेवर हवी असते. ते नाते ब्रॉडगेजने पुढे चालवले. सिम्युलेटरमधली गाडी चुकली, तर कुणाची एकादशी हुकत नाही.

यावर कुणी म्हणेल, मूर्तीही माणसानेच घडवलेली, तरी तिच्यात देव आहे असे आपण मानतोच ना? मानतो, पण साम्यामुळे नव्हे. शाळिग्राम कुणासारखाही दिसत नाही आणि तरी पूजला जातो. म्हणजे हुबेहूबपणातून सान्निध्य येत नाही, हेच या दाखल्याने सिद्ध होते. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: सिम्युलेटरही जुने नकाशे, वेळापत्रके, छायाचित्रे यांतूनच जन्मतो, मग तो त्याच ज्योतीचा वंशज का नाही? वंशज आहे, पण सेवेचा नव्हे, ज्ञानाचा. रुंदीकरणाने जे पुसले, ते पुन्हा समजून घेण्याचे हे उत्तम साधन आहे. मात्र ज्ञान म्हटले की प्रमाणांची शिस्त आली. छायाचित्रात दिसलेले स्टेशन आणि अंदाजाने रंगवलेले स्टेशन पडद्यावर सारखेच ठाम दिसते. म्हणून कुठे पुरावा आहे आणि कुठे अनुमान, हे नोंदवून ठेवणे हा या कलेचा पहिला धर्म आहे. तो पाळला तर प्रतिकृती बार्शी लाइट होणार नाही, पण तिची विश्वासू साक्षीदार होईल. यापेक्षा मोठा मान तिने मागू नये, आणि आपणही देऊ नये.