भित्यापाठी ब्रह्मराक्षस

२५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतील टोरगाऊ या गावाजवळ, एल्ब नदीच्या काठी, पश्चिमेकडून आलेले अमेरिकन सैनिक आणि पूर्वेकडून आलेले रशियन सैनिक एकमेकांना भेटले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती; पण गळ्यात पडायला भाषा कशाला लागते? हिटलरचा शेवट आता काही दिवसांवर आला होता. या भेटीला पुरती चार वर्षेही झाली नाहीत, तोच अमेरिकेने आपल्या मित्रांसह ‘नाटो’ हा संरक्षणाचा करार केला. आणि तो कोणाच्या धास्तीने? तर एल्बकाठी भेटलेल्या त्याच सोबत्याच्या!

शाळेत हा धडा शिकवताना एखादा मुलगा विचारतोच, “गुरुजी, या दोघांत वाईट कोण?” त्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मोठमोठ्या ग्रंथांचे दाखले मला देता येणार नाहीत. परंतु मी कादंबऱ्या लिहितो, आणि त्या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकवली आहे. कोणताही खलपुरुष स्वतःला खलपुरुष समजत नाही. आपण केवळ सावध आहोत, असेच त्याला वाटत असते.

या दोन्ही राष्ट्रांना सावधपणाचा धडा एकाच वर्षी मिळाला होता. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने अनाक्रमणाचा करार मोडून रशियावर अचानक चाल केली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर अचानक बाँब टाकले. पुन्हा असे बेसावध सापडायचे नाही, अशी दोघांनीही मनाशी गाठ बांधली. रशियाची या युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. तेव्हा शेजारची राज्ये आपल्याच मुठीत हवीत, असे स्टालिनला वाटले. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे पोलंडमधील मुक्त निवडणुकांचा शब्द दिला गेला होता. तो पाळला गेला नाही. उलट अमेरिकेच्या हाती अणुबाँब आला. २४ जुलै १९४५ रोजी पॉट्सडॅम येथे ट्रूमन यांनी स्टालिनला एवढेच सांगितले, की आमच्याकडे विलक्षण संहारक असे एक नवे अस्त्र आहे. स्टालिनला हेरांकडून ते आधीच कळलेले होते! एकाने अर्धेच सांगितले, दुसऱ्याने पूर्ण ठाऊक असून चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. मैत्रीला तडा जातो तो असा, आवाज न होता.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी आपल्या सरकारला एक लांबलचक तार पाठवली. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधील रशियन राजदूत नोविकोव्ह यांनी मॉस्कोला तशीच एक पाठवली. समोरचा पसरत चालला आहे, त्याच्यापासून जपून राहा, हा दोन्हींचा मथितार्थ. आपल्याकडे पाहून समोरचा का बिचकला असेल, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे मागेच राहिला.

मग एकाचे पाऊल हाच दुसऱ्याचा पुरावा होऊ लागला. १९४७ मध्ये अमेरिकेने युरोपच्या उभारणीसाठी मार्शल योजना मांडली. मोलोटोव्ह पॅरिसची बैठक सोडून निघून गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. जूनमध्ये रशियाने पश्चिम बर्लिनच्या वाटा अडवल्या, तेव्हा विमानांनी धान्य आणि कोळसा पोचवावा लागला. एप्रिल १९४९ मध्ये नाटो झाला, ऑगस्टमध्ये रशियाने आपला अणुबाँब उडवून पाहिला, आणि १९५५ मध्ये वॉर्सा करार झाला. एकाची ढाल दुसऱ्याला तलवारच दिसत होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे भित्याने आपल्या भीतीनेच ब्रह्मराक्षस घडवला, आणि तोही एकाने नव्हे, दोघांनी मिळून.

आता खरा प्रश्न असा, की भय खरे असले म्हणजे त्या भयापोटी केलेले कृत्य निर्दोष ठरते काय? मला तसे वाटत नाही. दोघेही सारखेच, असे म्हणून हात झटकणेही मला पटत नाही. ज्याचे माप त्याच्या पदरात पडलेच पाहिजे. परंतु भयाचा हिशेब मांडताना मी आधी एकच पाहतो : त्याची किंमत कोणी मोजली? दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. या भांडणात तिसऱ्याचाच बळी गेला. कोरियात १९५० ते १९५३ या काळात लाखो माणसे मेली. १९५४ मध्ये ग्वाटेमालात लोकांनी निवडलेले सरकार अमेरिकेच्या हस्तकांनी उलथले. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे फिरले. स्वतःच्या भीतीचे बिल दुसऱ्याच्या लेकरांच्या नावावर फाडणे, ही सावधगिरी नव्हे. हा अन्याय आहे.

१९६२ मध्ये क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा कुठे दोघांनाही घाम फुटला. दुसऱ्या वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यामध्ये थेट संदेशांची सोय झाली. ती टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती. बोललेला शब्द घाईत निसटतो, त्याचा भलताच अर्थ होतो; लिहिलेला शब्द दोनदा वाचता येतो. त्यानंतरही अण्वस्त्रे वाढतच गेली. १९८६ च्या सुमारास ती जगात सत्तर हजारांच्या घरात पोचली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत राष्ट्रच मोडले, तरी हजारो अस्त्रे आजही कोठारांत पडून आहेत. भय निघून गेले, तरी त्याने आणलेले सामान घरातच राहते.

भ्यालेल्या माणसाला समजून घ्यावे, हा माणुसकीचा धर्म आहे. परंतु निवाडा मात्र भयाच्या हाती देऊ नये. राष्ट्रांचे असो की दोन भावांचे, वैराची पहिली वीट बहुधा द्वेषाची नसते. न विचारलेल्या प्रश्नाची असते. तो प्रश्न वेळीच, आणि समोरच्यालाच, विचारावा. त्याला थोडे धैर्य लागते. पण तटबंदी बांधण्यापेक्षा ते पुष्कळच स्वस्त पडते.